महोत्सवाचे सवलतीचे पास: नाव देण्याआधी वाचा

ए-२०३ (सोसायटीचे सचिव): नमस्कार मंडळी. स्वतंत्र चित्रपट महोत्सवाची नोंदणी सुरू झाली आहे. लवकर नाव नोंदवणाऱ्यांना सवलत आहेच, शिवाय दहा जणांचा गट झाला तर वेगळी सवलत. आपल्याकडून दहा नावं सहज होतील. इच्छुकांनी घर क्रमांक आणि किती पास ते इथेच टाका.

सी-१०४: आमचे दोन.

बी-३०१: आमचे चार धरा. मुलांचं अजून ठरलेलं नाही, पण स्वस्तात मिळतायत तर घेऊन ठेवू.

ए-५०२: एका पासवर घरातल्यांनी आळीपाळीने गेलं तर चालतं का? म्हणजे सकाळी मी, संध्याकाळी ही.

ए-२०३ (सचिव): काका, हे बी-४०३च्या ताईच नीट सांगतील. त्या महोत्सवात स्वयंसेवक म्हणून काम करतात.

बी-४०३: काका, नाही चालत. पासवर नाव आणि फोटो असतो, दारावर तो स्कॅन होतो आणि चेहरा जुळला नाही तर आत सोडत नाहीत. तुम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी जाणार असाल तर पास घेऊच नका, सुटी तिकिटं काढा. तीच स्वस्त पडतील.

आता सगळ्यांनाच एक कळकळीची विनंती. बी-३०१ वहिनी, तुमच्यावर रोख नाही, पण ‘घेऊन ठेवू’ हे महोत्सवाच्या पासला लागू पडत नाही. पास म्हणजे राखीव खुर्ची नव्हे. पासधारक प्रत्येक खेळाला येत नाही हे आयोजकांना माहीत असतं, म्हणून पास जागांपेक्षा जास्त दिले जातात. खेळाची जागा बहुधा आदल्या दिवशी वेगळी आरक्षित करावी लागते. खरी गडबड तिथे होते. लोक रात्री बसून चार-पाच खेळ आरक्षित करून टाकतात आणि सकाळी दोनालाच जातात. आरक्षण रद्द करणं एका बोटाचं काम असतं, तेही करत नाहीत.

मी दारावर उभी राहून हे बघितलंय. यादीप्रमाणे सभागृह भरलेलं, बाहेर बिनआरक्षणाची लांब रांग. नियमाप्रमाणे खेळाच्या काही मिनिटं आधी रिकाम्या जागा रांगेतल्यांना सोडल्या, पण तोवर पुष्कळजण कंटाळून दुसऱ्या पडद्याकडे निघून गेले होते. आत एका मुलीचा पहिलाच चित्रपट. संपल्यावर प्रश्नोत्तरांसाठी ती माइक घेऊन पुढे आली आणि बोलायच्या आधी तिची नजर मधल्या रिकाम्या रांगांवरून फिरली. मला फार लागलं ते.

बड्या निर्मितीसंस्थेच्या चित्रपटाला चार रांगा रिकाम्या राहिल्याने काही होत नाही. या नवख्या दिग्दर्शकांना होतं. कारण त्याच अंधारात एखादा वितरक किंवा दुसऱ्या महोत्सवाचा निवडकर्ता बसलेला असतो, आणि त्याचं लक्ष पडद्याइतकंच प्रेक्षकांकडे असतं. कोण कुठे हसलं, किती जण मधेच उठून गेले, शेवटी किती थांबले, हे तो बघत असतो.

सी-१०४: पण ताई, लोकांना जागा मिळाली नाही तर तोच खेळ संध्याकाळी परत का लावत नाहीत?

बी-४०३: बहुतेक वेळा लावता येत नाही. चित्रपट येतो तो डीसीपी म्हणजे कुलूपबंद डिजिटल प्रत म्हणून. ती उघडायला केडीएम नावाची डिजिटल किल्ली लागते आणि ती ठरावीक पडद्याच्या यंत्रणेपुरती, ठरावीक तासांपुरतीच चालते. मुदत संपली की फाइल समोर असूनही चालत नाही. किती खेळ करायचे हेही चित्रपटाच्या मालकाशी आधी ठरलेलं असतं, आणि प्रत्येक खेळाचं शुल्क बऱ्याचदा वेगळं द्यावं लागतं. म्हणून एक-दोन खेळ हुकले की हुकलेच.

ए-४०२: चांगले असतील ते ओटीटीवर येतीलच की. घरी बसून बघू. एवढी धावपळ कशाला?

बी-४०३: दादा, काही येतात, काही वर्षाने येतात, आणि कितीतरी येतच नाहीत. विकत घेणारा मिळत नाही, किंवा संगीताचे हक्क फक्त महोत्सवापुरते घेतलेले असतात. लघुपट आणि माहितीपटांचे हाल तर विचारू नका.

आपल्याच भाषेतलं बघा. ‘कोर्ट’ हा चित्रपट सप्टेंबर २०१४ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे ओरिझोंती या नव्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरला आणि मग एप्रिल २०१५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत आला. ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. या दोघांचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं ते महोत्सवांमुळे. ज्यांना बक्षीस मिळत नाही त्यांच्याकडे तर महोत्सवातला तो एक खेळ आणि त्याला आलेली माणसं, एवढंच असतं.

आणि आपल्या मताला तिथे किंमत असते. टोरांटोच्या महोत्सवात सर्वांत मानाचं पारितोषिक प्रेक्षकांच्या मतांवर ठरतं, १९७८पासून. बऱ्याच महोत्सवांत खेळ संपल्यावर मतपत्रिका देतात किंवा ॲपवर गुण मागतात. ते नक्की द्या.

ए-५०२: पटलं. मग पास कोणी घ्यावा आणि तिकीट कोणी, ते सांगा.

बी-४०३: साधा हिशोब आहे काका. सवलतीनंतरच्या पासच्या किमतीला एका तिकिटाच्या किमतीने भागा. जो आकडा येईल, निदान तेवढ्या खेळांना तुम्ही खरोखर जाणार असाल तरच पास. किती खेळांना जाल हे धरताना कामाचे दिवस अर्धेच मोजा, आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त चित्रपट धरू नका. चौथ्याला डोळे उघडे असतात, पण डोक्यात काही शिरत नाही.

लवकर नोंदणीच्या सवलतीला माझा पाठिंबा आहे, कारण ते पैसे आयोजकांना आधी हातात मिळतात. सभागृहाचं भाडं, उपशीर्षकं, पाहुण्यांचा प्रवास हे सगळं आधीच भरायचं असतं. फक्त परतावा आहे का, हे पैसे भरायच्या आधी वाचा. सवलतीच्या पासला तो बहुधा नसतो.

बी-१०२: आईला न्यायचं आहे. ज्येष्ठांची सवलत आणि गटाची सवलत, दोन्ही एकत्र मिळतील का?

बी-४०३: सहसा एकच मिळते. आईंसाठी ज्येष्ठांचीच घ्या, पुरावा म्हणून वयाचं ओळखपत्र लागेल. पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एका दिवशी एकाच पडद्यावरचे खेळ निवडा. दोन खेळांमध्ये पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यात जिने चढून दुसऱ्या सभागृहात पोहोचायचं आणि परत रांगेत उभं राहायचं, हे त्यांना जमायचं नाही. कडेची खुर्ची हवी असं दारावर सांगा, स्वयंसेवक मदत करतात.

ए-६०१: ताई, मी कॉलेजला आहे. विद्यार्थी सवलत घेऊ की गटात येऊ?

बी-४०३: विद्यार्थी सवलत किती ते बघ, बहुतेकदा तीच मोठी असते. चालू वर्षाचं ओळखपत्र लागतं, जुनं चालत नाही. आणि लघुपटांचे संच चुकवू नकोस. दीड-दोन तासांत सहा-सात नवे दिग्दर्शक बघायला मिळतात, आणि रांगही कमी असते.

बी-३०१ वहिनी, मुलांचं वय बघा हं. महोत्सवातले बरेच चित्रपट प्रमाणपत्राशिवाय दाखवतात, त्यामुळे अठरा वर्षांखाली बहुधा प्रवेश नसतो. मुलांसाठी वेगळा विभाग असेल तर तेवढीच तिकिटं काढा.

बी-३०१: बरं झालं सांगितलंत. धाकटा सोळाचा आहे. मग आमचे दोनच पास, फक्त आम्हा दोघांचे. मोठीचं ती स्वतः बघेल.

ए-५०२: आमची सुटी तिकिटं. गटातून आम्हाला वगळा.

ए-४०२: माझा एक पास धरा. शनिवार-रविवार पूर्ण देईन, आणि संध्याकाळी जमेल तसं.

ए-२०३ (सचिव): अशाने गटाचे दहा होत नाहीत. सध्या सहाच आहेत. कोणाचं नुसतं नाव घालून आकडा पूर्ण करू का?

बी-४०३: नको, दादा. चार पास कपाटात पडून राहतील आणि सहा जणांची बचत त्यातच जाईल. शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, खरंच जाणारे चार मिळाले तर गट करू. नाहीतर लवकर नोंदणीची सवलत आहेच.

ए-२०३ (सचिव): ठीक. मी आत्ताच तिकडच्या सचिवांना विचारतो. उद्या रात्रीपर्यंत उत्तर आलं नाही तर प्रत्येकाने आपापली नोंदणी करावी, सवलतीची मुदत परवा संपते.

बी-१०२: आईच्या ओळखपत्राचा फोटो ताईंना वेगळा पाठवलाय. जन्मवर्ष पुसट झालंय, चालेल का बघा.

बी-४०३: नाही चालणार, वाचता येत नाही. आधारची प्रत पाठवा.