फ्लोरिडा: स्विमिंग पूलवर जाळीचा पिंजरा आणि पुढे त्याचीच सनरूम? सल्ला हवा

रानवारा
नमस्कार मंडळी. टॅम्पाजवळ घर आहे. मागे पूल आणि त्याला लागून छपराखालची पडवी, म्हणजे इथली लनाय. दोन्ही उघडंच. संध्याकाळी डास, आणि शेजारच्या ओकची पानं रोज पाण्यात. एक ठेकेदार म्हणतोय, "आत्ता सगळ्याला जाळी लावून घ्या, पुढे त्याच सांगाड्यात अ‍ॅक्रिलिकची तावदानं बसवून सनरूम करून देतो." सासूबाई-सासरे थंडीत पुण्याहून येतात, त्यामुळे मोह होतोय. असं जमतं का? आणि जाळी कुठली घ्यावी?

खडूस_इंजिनियर
त्याच सांगाड्यात? विसरा. जाळीतून बराचसा वारा आरपार जातो, त्या हिशोबानेच अ‍ॅल्युमिनियमचे खांब-तुळया हलक्या धरलेल्या असतात. तावदानं लावलीत की तोच सांगाडा गलबताचं शीड होतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ७५ मैलांचा वारा १५० झाला की दाब चौपट. नंतर बदल करायचा तर नवं डिझाइन, नवं परमिट आणि बहुतेक वेळा नवे खांबही.

सनरूमचे इथे पाच वर्ग आहेत. पहिल्यात उघड्या किंवा जाळीच्या भिंती. दुसरा-तिसरा बंद, पण राहण्याची खोली म्हणून धरत नाहीत. एसी-हीटर लावून माणसं बसवायची तर चौथा किंवा पाचवा. त्यामुळे सासूबाई तिथे नुसता चहा घेणार की दुपारी आडव्या होणार, हे आधी ठरवा :)

माझं मत: पूलवर जाळीच ठेवा. पाणी तावदानांत कोंडलंत की दमट हवा बाहेर काढायची वेगळी यंत्रणा लागते. सनरूम पडवीपुरतीच करा. ती पुढे करायची असली तरी पडवीच्या रेषेतले खांब आणि पाया आजच त्या भाराचे घ्या, आणि तसं ड्रॉइंगवर लिहून घ्या.

फोर्ट_मायर्सची_मावशी
सप्टेंबर २०२२ च्या इयन चक्रीवादळानंतर आमच्या गल्लीत आडवे झालेले पिंजरे जवळून बघितलेत. कितीतरी खांब सरळच्या सरळ होते, पायाशी स्क्रू तेवढे गंजून तुटलेले. पांढऱ्या खांबाच्या बुडाशी तपकिरी ओघळ दिसला की समजायचं. स्प्रिंकलरचं पाणी जिथे रोज उडतं तिथे तर हमखास. स्टेनलेसचेच मागा. आणि खांब नुसत्या पेव्हरवर, म्हणजे फरशीच्या ब्लॉकवर, उभा करू देऊ नका, अँकर बोल्ट खालच्या काँक्रीटमध्येच गेला पाहिजे.

जाळी साधी १८ बाय १४ ची पुरते, म्हणजे इंचाला इतके धागे. खारफुटीजवळ असाल तर ते न दिसणारे चावरे चिलट त्यातूनही येतात, मग २० बाय २०. पण वारा कमी होतो. ओक आहे म्हणताय तर सपाट छप्पर नको, पानं साचतात.

नवखा_पुणेकर
पुण्यात टेरेसवर अशी काचेची खोली केली तर सोसायटी काय म्हणेल?

खडूस_इंजिनियर
जे म्हणेल ते लेखी घ्या. आणि वेगळा धागा काढा.

रानवारा
मावशी, वादळाआधी लोक जाळी कापतात म्हणे, खरं का?

फोर्ट_मायर्सची_मावशी
कापतात काही जण. जाळी परत भरता येते, रबरी दोरी खाचेत दाबायची की झालं. सांगाडा महाग. पण वारा सुटल्यावर शिडीवर चढायचं नाही! कुठले भाग मोकळे करायचे ते इंजिनियरलाच विचारून ठेवा. घरात लहान मूल असेल तर दारही नीट बघा: बाहेर उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी जमिनीपासून ५४ इंचांवर.

टॅम्पाकर
कागदांचं राहिलं. एचओएची, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेची, मंजुरी आधी. ठेकेदाराचा परवाना डीबीपीआरच्या, म्हणजे राज्याच्या परवाना खात्याच्या, साइटवर तपासा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ घेतले तर ३० दिवसांत परमिटचा अर्ज करणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. "परमिट तुमच्याच नावावर काढा" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

रानवारा
सगळ्यांचे आभार. पडवीच्या खांबांचं सही-शिक्क्याचं ड्रॉइंग मागितलं तर साहेब "बघतो" म्हणाले. आणखी दोघांकडून कोटेशन मागवतेय. रंग ब्रॉन्झ की पांढरा, यावर घरात दोन तट पडलेत.

टॅम्पाकर
ब्रॉन्झ. पांढऱ्यावर शेवाळ लगेच दिसतं.