अंगणातला पाला आणि बॅटरीवरचा ब्लोअर: सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

शाहूपुरी, सातारा (धागा मीच काढतोय)

नमस्कार मंडळी. आमचा तीन गुंठ्यांचा प्लॉट, त्यात एक रायवळ आंबा, एक देशी बदाम, मागच्या बाजूला दोन साग आणि शेजारच्यांचा गुलमोहर निम्मा आमच्याच अंगणात. माघ लागला की साग उघडे पडायला लागतात, एकेक पान पत्रावळीएवढं, ते आवरतंय तोवर बदाम लाल होऊन गळायला सुरुवात, मग चैत्रापर्यंत उसंत नाही. बाबा ७४ वर्षांचे, आयुष्यभर पहाटे उठून खराट्यानं अंगण झाडलं, पण डिसेंबरात कंबरेत उसण भरली ती अजून पूर्ण गेलेली नाही, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय आणि ते ऐकत नाहीत. मी सातला एमआयडीसीत ड्युटीवर, बायको डबे आणि शाळेच्या गडबडीत. कामाला बाई बघितली, पण अंगणाचं काम नको म्हणतात आणि त्यांचंही बरोबर आहे.

म्हणून बॅटरीवरचा ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोतानं पाला लोटायची हातातली मशीन, घ्यायचं डोक्यात आहे. वायरचा स्वस्त पडतो हे माहितीय, पण मागच्या अंगणात प्लग नाही, एक्स्टेंशन बोर्ड आंब्याच्या ओल्या आळ्यावरून न्यायचा आणि बाबांच्या पायात वायर, हे मला नको. ऑनलाइन बघायला गेलं की २१ व्होल्ट, ४८ व्होल्ट, तीन बॅटऱ्या फ्री, काही कळेना. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच लिहा, किती मिनिटं चालतो, ओला पाला हलतो का, म्हाताऱ्या माणसाला हातात पेलतो का. चांगलं-वाईट सगळं लिहा.

विश्रामबाग, सांगली

दादा, माझे अडीच हजार गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो. मागच्या वर्षी ऑनलाइन घेतला, बॅटरीवर मोठ्ठ्या अक्षरात ४८ व्होल्ट, सोबत दोन बॅटऱ्या, चार्जर, प्लॅस्टिकची पेटी. पहिल्या दिवशी पोर्चमधली अशोकाची वाळकी पानं उडाली, आम्ही खूश. आठव्या मिनिटाला आवाज बसला, बॅटरी बदलली, तीही तशीच. तिसऱ्या महिन्यात पाच मिनिटांवर आलं. मी वायरमन आहे, मल्टिमीटर घरातच असतो, फुल चार्ज बॅटरीला लावला तर २०.६ व्होल्ट. चार स्क्रू काढून उघडली तर आत पाच सेल ओळीनं. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, फुल भरला की ४.२, म्हणजे पाचाचे १८ आणि भरल्यावर २१. ४८ कुठून आणले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. आणि हे पण सांगतो, चांगल्या कंपन्या १८ लिहितात किंवा २० मॅक्स लिहितात, ते दोन्ही एकच, तेच पाच सेल, त्यात फसवणूक नाही, फक्त मोजायची वेळ वेगळी.

आता खरा हिशोब. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-अवर म्हणजे वॉट-अवर, टाकीत पेट्रोल किती तेवढं समजा. माझ्या बॅटरीत दीड ॲम्पिअर-अवरचे सेल, १८ गुणिले १.५ म्हणजे २७. पाच ॲम्पिअर-अवरची असती तर ९०. बॉक्सवर वॉट-अवर किंवा ॲम्पिअर-अवर लिहिलेलं नसेल तर ती वस्तू घेऊच नका. बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस १६०४६ हा नंबर आहे का तेवढं बघा, आपल्याकडं लिथियम बॅटरीला ते सक्तीचं आहे, माझ्या बॅटरीवर यातलं काहीच नव्हतं. ती बॅटरी मी आता घरात ठेवत पण नाही, पोरं आहेत.

गोडोली, सातारा

वरचं सगळं बरोबर आहे, त्यात एक भर घालतो कारण व्होल्ट खरे असले तरी माणूस चुकतोच, मी चुकलो होतो.

माझं फर्निचरचं काम, १८ व्होल्टचं ड्रिल आणि ग्राइंडर आधीच होते, म्हणून त्याच कंपनीचा छोटा ब्लोअर नुसती बॉडी घेतली, बॅटरी घरचीच लावली. भुसा उडवायला झकास. घरी अंगणात नेला तर एका जागी सोसाट्याचा झोत पडतो, तिथलं पान लांब जातं आणि शेजारचं जागेवरच. पंधरा मिनिटं नाचलो तरी ढीग होईना. मग लक्षात आलं की दोन आकडे वेगळे असतात, वाऱ्याचा वेग वेगळा आणि मिनिटाला किती हवा बाहेर पडते ते वेगळं. उदाहरण देतो, बॉशचा जीबीएल १८व्ही-१२० घ्या, वेग ताशी २७० किलोमीटरपर्यंत, पण हवा मिनिटाला २ घनमीटर. मकिताचा डीयूबी १८४ घ्या, वेग सेकंदाला ५२ मीटर म्हणजे ताशी १८७ च्या आसपास, पण हवा १३ घनमीटर. दोन्ही १८ व्होल्टचेच! पहिला फटी, मशीन, खिडक्यांच्या पट्ट्या साफ करायला आणि दुसरा पाला लोटायला. दोन्ही आपापल्या जागी चांगले, पण अंगणाला दुसऱ्या जातीचा लागतो, रुंद तोंडाचा, लांब नळीचा. सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट) लिहिलं असेल तर ३५ नं भागा, घनमीटर मिळतात.

मी शेवटी रुंद नळीचा घेतला. त्यानं पाला उडत नाही, सरकतो. चटई गुंडाळत न्यावी तसा पुढं पुढं जातो आणि भिंतीपाशी ढीग लागतो. तोंड जमिनीपासून वीतभर वर आणि थोडं तिरकं धरायचं, अगदी खाली टेकवलं तर मातीच उकरली जाते.

मोटर ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनची घ्या. साध्या मोटरचे कार्बन झिजतात, बदलता येतात, पण बॅटरी पण लवकर खाते. आणि घरात जी बॅटरी आहे त्याच कुटुंबातली मशीन बघा. मात्र नुसतं नाव बघून घेऊ नका, बॉशच्या निळ्या आणि हिरव्या मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींना बसत नाहीत, मकिताच्या १८ आणि ४० च्याही नाहीत. मला दोन बॅटऱ्या आणि चार्जर वेगळे घ्यावे लागले असते तर ब्लोअरपेक्षा त्यांचेच पैसे जास्त झाले असते.

शाहूपुरीकर, तुम्ही जवळच आहात, रविवारी माझी मशीन घेऊन येतो, काकांच्या हातात देऊन बघा आणि मग ठरवा.

तासगाव

आमच्याकडं दुकानात जाऊन ब्लोअर द्या म्हटलं की बागेचा ब्लोअरच दाखवतात, ट्रॅक्टरच्या मागं लावून द्राक्षावर औषध मारायचा, तवा 'पाला उडवायचा, हातातला' असं फोड करून सांगायला लागतंय.

मी ब्लोअर बॅटरीचा वापरला नाही पण पाठीवरचा बॅटरी पंप दहा वर्षं वापरतोय, त्यावरनं एकच सांगतो. सीझन संपला की लोक पंप रिकाम्या बॅटरीसकट कोपऱ्यात टाकतात आणि चार महिन्यांनी काढून म्हणतात चार्ज होईना. माझ्या पहिल्या पंपाचं तेच झालं. पाला काय बारा महिने पडत नाही, पावसाळ्यात तुमची मशीन पडूनच राहणार. लिथियम बॅटरी निम्मी भरून, मशीनमधनं काढून, सावलीत ठेवा, मधनं अधनं एकदा चार्ज दाखवा. उन्हात पत्र्याच्या शेडात तर अजिबात नको, मार्च-एप्रिलमध्ये आमच्या शेडात हात लावू देत नाही एवढी तापते. काम झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका, अर्धा तास थांबा.

ब्राह्मणपुरी, मिरज

मी ताई आहे आणि मी स्वतः वापरते म्हणून वजनाबद्दल लिहिते, कारण पुरुष मंडळी ते सांगतच नाहीत. बॉक्सवर जे वजन असतं ते बरेचदा बॅटरीशिवायचं असतं. माझा कागदावर पावणेदोन किलो, बॅटरी बसवल्यावर काट्यावर अडीच भरला. अडीच किलो ऐकायला काही नाही, पण हात पुढं धरून डावीकडून उजवीकडं दहा मिनिटं फिरवा, मनगट बोलायला लागतं. मला उजव्या मनगटाचा त्रास आहेच. त्यामुळं घेताना तीन गोष्टी हातात धरून बघा. बॅटरी मागं असेल आणि मूठ मध्ये, तर तोल राहतो, नळीचं तोंड आपोआप खाली झुकत नाही. बटण दाबून धरायला लागतं का एकदा अडकवून सोडता येतं, हे फार महत्त्वाचं, माझ्या पहिल्या मशीनला सारखं दाबून धरावं लागायचं, बोटं आखडायची, ती मी बहिणीला देऊन टाकली. आणि वेग कमी-जास्त करायची सोय. तुळशीपाशी, कुंड्यांपाशी कमी, मोकळ्या फरशीवर जास्त. सारखं फुल ठेवलं तर बॅटरी निम्म्या वेळात संपते.

काकांना पट्टा लावून द्या, खांद्यावर भार येतो.

धुळीचं पण लिहिते. आमच्या बोळात पाल्याखाली बारीक माती असते, पहिल्या दिवशी मी नाकाला काही न बांधता केलं आणि रात्रभर खोकले. आता आधी हलकं पाणी शिंपडते, अगदी सडा नाही, नुसतं धूळ बसेल एवढं, दहा मिनिटं थांबते, मग मास्क आणि चष्मा लावून सुरू. समोरच्या आजींना दमा आहे, त्यांची खिडकी बंद आहे ना बघूनच चालू करते आणि सकाळी आठच्या आत कधीच नाही. आवाज मिक्सरपेक्षा कमी नाही हे लक्षात ठेवा.

कुपवाड

ओल्या पाल्याचं विचारलंय म्हणून. ओला बदाम फरशीला चिकटला की कुठलाही ब्लोअर त्याला हलवत नाही, खालून हवा शिरायला जागाच नसते. दुपारपर्यंत वाळू द्या किंवा खराटा घ्या. आणि गाडी आधी बाहेर काढा, खडी असेल तर बारीक खडा उडून काचेला लागतो, आमच्या दाराच्या काचेला तडा गेलाय.

कराड

मला वेगळं मत मांडायचंय, राग मानू नका. मशीनला माझा विरोध नाही, पण पाला 'जातो' कुठं हे कुणीच विचारत नाही. आमच्या कॉलनीत दोघांनी ब्लोअर घेतले, पाला फाटकाबाहेर रस्त्यावर लोटतात, तिथून वारा तो गटारीत घालतो नाहीतर कुणीतरी संध्याकाळी काडी लावतं. पाला जाळणं हा गुन्हा आहे, राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळायला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५ हजार दंड सांगितलाय, आणि दंड राहू दे, माझ्या मुलीला त्या धुरानं श्वास लागतो, हे मी दर मार्चला भोगतो.

मी आधी खड्डा केला, चार बाय चार फूट, तीन फूट खोल. नुसता वाळका पाला वर्ष वर्ष तसाच राहतो, त्याला शेण, भाजीचा ओला कचरा किंवा ताजं गवत लागतं, थर देत जायचं, ओल टिकवायची आणि महिन्यातून एकदा वरखाली करायचं. सागाचं पान जाड, ते तसंच टाकू नका, पायाखाली चुरगाळून टाका. जमिनीवरचा सगळा पाला काढू पण नका, झाडाच्या आळ्यात चार बोटं राहू द्या, उन्हाळ्यात पाणी निम्मं लागतं, माझ्या आंब्याचा हा अनुभव आहे. तेवढी जागा सोडली तर झाडायला राहतंच किती, फक्त फरशी. त्याला मला दंताळं आणि तागाचं पोतं पुरतं.

शाहूपुरीचे दादा, काकांची अडचण खरी आहे, तुम्ही घ्या. पण खड्डा आधी काढा, मशीन नंतर.

शाहूपुरी, सातारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कराडकर, तुमचं वाचून शनिवारीच आंब्याच्या पलीकडं खड्डा मारून घेतला. एक विचारायचं राहिलं, पाला ओढून पिशवीत भरणारे पण येतात ना, ते कसे?

विश्रामबाग, सांगली

मित्राकडं आहे, वायरचा. आत पात्यानं पाल्याचा चुरा होतो, खताला बरं, पण सागाचं पान तोंडात अडकतं आणि पिशवी भरली की जड होते. काकांना नको.

शाहूपुरी, सातारा (धागाकर्ता)

रविवारचं लिहितो. गोडोलीचे दादा खरंच आठ वाजता मशीन घेऊन दारात, चहा पण नंतर घेतला, आधी बाबांच्या खांद्याला पट्टा अडकवून दिला. पहिले दोन मिनिटं बाबा मशीन खराट्यासारखी झटके देत फिरवत होते, पाला चारी दिशांना. दादांनी हात धरून दाखवलं, सावकाश, एका रेषेत, वारा पाठीवर घेऊन. मग जमलं. सागाचं मोठं पान सगळ्यात सोपं निघालं, खाली जरा हवा शिरली की होडीसारखं तरंगत जातं. आंब्याचं वाळकं पानही जातं. त्रास दिला तो गुलमोहराच्या बारीक पानांनी, पेव्हर ब्लॉकच्या फटीत जी बसलीत ती बसलीतच, तिथं नळीचं बारीक तोंड लावून वेग वाढवावा लागला. दहा वाजल्यावर यवतेश्वराकडून वारा सुटला आणि लोटलेलं परत यायला लागलं, म्हणजे आमच्याकडं हे काम आठ ते साडेनऊ एवढ्यातच. पाच ॲम्पिअर-अवरची बॅटरी मधल्या वेगावर २२ मिनिटं चालली, तेवढ्यात पुढचं अंगण पूर्ण आणि मागचं निम्मं. बाबा एकदाही वाकले नाहीत.

त्याच जातीचा, रुंद तोंडाचा, ब्रशलेस, १८ व्होल्टचा घेतोय, दुकानातून, बॅटरीची वॉरंटी बिलावर वेगळी लिहून घेऊन, कारण मशीनची आणि बॅटरीची मुदत एक नसते हे दादांनी सांगितलं. सध्या एकच बॅटरी, उरलेलं मागचं अंगण दुसऱ्या दिवशी. खड्ड्यात आज गुडघ्याएवढा पाला झालाय, वर एक पाटी शेण आणि दोन बादल्या पाणी टाकलं.