स्वतःच्या हाताने बनवलेली लाकडी पेटी भेट दिलीय का कुणाला? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. लाकडाची छोटी पेटी स्वतः बनवून कुणाला दिली असेल तर इथे सविस्तर लिहा. नुसतं "छान झाली, सगळ्यांना आवडली" एवढंच नको. कुणासाठी केली, त्या माणसामुळे पेटीत काय बदल केले, लाकूड कुठलं, सांधे कसे केले, आतून काय लावलं आणि आज ती पेटी वापरात आहे का, हे सगळं वाचायचंय मला. माझं तर मत असं की भेटीची पेटी आतून बाहेर बनते, म्हणजे आधी आत काय राहणार आणि कुणाचे हात ती उघडणार ते ठरतं आणि मग मापं येतात.

सुरुवात मीच करते. माझी पेटी आजीसाठी होती. तिची बोटं आखडलेली, त्यामुळे कडी, बिजागरी, लोहचुंबक हे सगळं पहिल्याच दिवशी बाद केलं, कारण चुंबकाचं झाकण आपल्याला सोपं वाटतं पण तो पहिला झटका द्यायला बोटात जोर लागतो. मग नुसतं उचलायचं झाकण ठरवलं. पेटीच्या आतून चारही बाजूंनी पातळ पट्ट्या लावल्या, त्या कडेच्या वर सहा मिलिमीटर येतात आणि झाकण त्यांच्यावर बसतं. दोन्ही लांब बाजूंना झाकणाच्या खाली गोल कानशीने अर्धचंद्रासारख्या खाचा केल्या, तिथे अख्खं बोट शिरतं, नख लावावं लागत नाही. लाकूड शिवणीचं घेतलं, हलकं असतं आणि फारसं वाकत नाही. झाकण मुद्दाम अर्धा मिलिमीटर सैल ठेवलं, दमट हवेत लाकूड फुगलं तरी अडकायला नको. चष्मा, छोटी कात्री, सुया-दोरे असं सगळं त्यात असतं आणि ती एका हाताने उघडते, त्याचं मला फार समाधान आहे.

*

मी भाड्याच्या छोट्या खोलीत राहतो, मशीन नाही, क्लॅम्पसुद्धा नाहीत, तरी बाबांच्या निवृत्तीला त्यांच्या शाईच्या पेनांसाठी पेटी केली, त्यामुळे "हत्यारं नाहीत" म्हणून थांबलेल्यांसाठी हे लिहितोय. बारीक दातांची करवत, माइटर बॉक्स (करवत ठरावीक कोनात धरणारा साचा), काटकोन तपासायचा गुण्या, पॉलिश पेपर आणि पार्सलची चिकटपट्टी, बस. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने, टोकं 45 अंशात तिरकी कापल्या, म्हणजे लाकडाची नक्षी कोपऱ्यावरून वळून पुढच्या बाजूला चालू राहते. चौथ्या कोपऱ्यात ती तुटतेच, तो कोपरा मागे ठेवायचा. मग चारही तुकडे बाहेरची बाजू वर करून एका ओळीत टोकाला टोक लावून ठेवायचे, सांध्यांवर चिकटपट्टी ताणून लावायची, सगळं उलटं करायचं, 45 अंशाच्या खाचांमध्ये फेव्हिकॉल भरायचा आणि तळाची प्लाय खोबणीत सरकवून पट्टा गुंडाळतात तशी पेटी गुंडाळायची. चिकटपट्टीच क्लॅम्पचं काम करते. लगेच दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की काटकोन बरोबर.

यात कोन जितका महत्त्वाचा त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे समोरासमोरच्या बाजू केसभरही लहानमोठ्या नसणं. दोन्ही एकत्र बांधून टोकं एकदमच घासली की काम होतं. आणि 45 चा सांधा नुसत्या ग्लूवर सोडू नका, टोकाकडचा काप ग्लू शोषून घेतो. सुकल्यावर कोपऱ्यांवर तिरक्या चिरा पाडून त्यात गडद लाकडाच्या पातळ चकत्या बसवल्या, सांधा पक्का झाला आणि दिसायलाही सुंदर. बाबांचे पेन आडवे राहतात, प्रत्येकाला वेगळी खाच आहे, आणि खाचेची रुंदी त्यांच्या सगळ्यात जाड पेनावरून घेतली.

*

आमच्या घरात सुतारकाम पिढीजात. वर शिवणीचं झाकण सैल ठेवल्याचं वाचून बरं वाटलं कारण बहुतेक पेट्या इथेच मार खातात. लाकूड तोडल्यावर, रंधा मारल्यावर, पॉलिश केल्यावरसुद्धा हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, हलतं रुंदीत, आणि त्यातही फळी ज्या पद्धतीने चिरलीय त्यावर ठरतं, झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. आठ इंच रुंद सागाची फळी कोरड्या आणि दमट हवेत मिळून दोनेक मिलिमीटर सहज इकडेतिकडे होते. आता असा भरीव तळ चारही बाजूंनी ग्लू लावून घट्ट बसवला तर तो तरी चिरणार नाहीतर कोपरे तरी उघडणार, तिसरा रस्ता नाही.

आजोबांनी शिकवलेलं अजून तसंच करतो. भरीव तळ असेल तर खोबणीत मोकळा, रुंदीला जागा सोडून, ग्लू नाही. लावायचाच तर फक्त मधल्या बिंदूवर, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. प्लाय असेल तर बिनधास्त चिकटवा, त्यात थर आडवे-उभे असल्यामुळे ती हलत नाही. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून सांध्याची जागा ग्लूच्या आधी स्पिरिटने पुसून घ्यायची. आणि पटाशीला वारंवार धार लावायची, सागात वाळूचाच अंश असतो, धार लवकर बोथट होते.

भाचीच्या लग्नात सागाचीच पेटी दिली, कोपऱ्यांना हाताने डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे पसरट, एकमेकांत अडकणारे सांधे) कापले. डव्हटेलचा मला अभिमान वाटतो, कारण ग्लू कधीकाळी सुटला तरी एका दिशेने तो सांधा ओढून निघतच नाही. प्राचीन इजिप्तच्या फर्निचरमध्ये हाच सांधा सापडतो. एवढ्या जुन्या युक्तीने आजही काम होतंय हे मला फार आवडतं.

*

माझा अनुभव छोटा आहे. मुलगी सातवीत, मैत्रीण गाव सोडून जाणार होती म्हणून तिच्यासाठी पेटी करायची होती. सरकत्या झाकणाची केली. मुलांसोबत करायला हीच सगळ्यात सोपी, बिजागरी नाही, स्क्रू नाही. झाकणाच्या खोबणीत मेणबत्ती घासली की मस्त सरकतं. झाकणाच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवा आणि रुंदीला एक मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, वर सुतारदादांनी सांगितलंय तेच कारण. घासताना दोघींनीही मास्क लावला होता, लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना वाईट, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात ठेवलंय, त्यामुळे मुलं असोत नसोत मास्क पाहिजेच.

*

मी जुने कागद आणि वस्तू जपण्याच्या कामात आहे, त्यामुळे पेटीच्या आत काय राहणार याबद्दल मला खूप तळमळीने सांगायचंय, आणि या धाग्यात हे कुणीतरी लिहायलाच हवं. लाकडातून सतत आम्लाची वाफ सुटत असते, अगदी थोडी, पण बंद पेटीत ती साठते. ओकमधून तर बरीच. त्यात पत्रं किंवा जुने फोटो तसेच ठेवले की वर्षांनंतर कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. शिसं असलेल्या वस्तू ओकच्या पेटीत पांढरट पडून झिजतात. म्हणून मावशीसाठी तिच्या वडिलांच्या पत्रांची पेटी केली तेव्हा पत्रं आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत घातली, पेटीला आतून शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) हात दिले आणि पाकिटांच्या मापावरून पेटी बेतली, दुमडायला लागू नयेत म्हणून.

चांदीसाठी पेटी करत असाल तर आत लोकरीचं फेल्ट लावू नका, दिसायला कितीही श्रीमंत दिसलं तरी. लोकरीत गंधक असतो, त्याने चांदी काळी पडते. धुतलेलं सुती कापड लावा. तेही ग्लूने थेट लाकडाला न चिकटवता पातळ पुठ्ठ्यावर ताणून बसवा, खराब झालं की बदलता येतं.

*

मी चौकोनी नाही केली! अमेरिकेतल्या शेकर पंथाचे लोक एकोणिसाव्या शतकात अंडाकृती डबे करायचे, त्या पद्धतीने बहिणीला एक करून दिला. मेपलची दोनेक मिलिमीटर जाड पट्टी गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायची आणि लगेच साच्याभोवती वाकवायची, थांबलात की कडक होते. पट्टीच्या टोकाला लांब निमुळती बोटं कापलेली असतात आणि ती तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ठोकतात. बोटांची नुसती शोभा नाही, त्यामुळे रुंद टोक फुगल्या-आकसल्यावर चिरत नाही. तांबं अशासाठी की ते गंजून लाकडावर काळा डाग पाडत नाही. बहीण त्यात बटणं ठेवते.

*

वाचून करायला घेतलीये, आतून जवसाचं तेल लावलं तर चालेल का? बाहेरून तेच लावणार आहे, लाकूड शिसवी आहे, आत कानातले राहतील.

*

वरच्या प्रश्नाला, आतून तेल नको. बंद पेटीत हवा खेळत नाही, तेल नीट सुकत नाही आणि महिनोन्महिने वास येतो, तो मग आतल्या कापडालाही लागतो. आतून एकतर काहीच लावू नका किंवा शेलॅक. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचे, गाळायचे, पातळ हात द्यायचे, मिनिटांत सुकतं आणि स्पिरिट उडालं की वास उरत नाही. बाहेरून तेल उत्तम, शिसवी त्याने जी उजळते ती बघण्यासारखी. आधी 120, 180, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने असं घासा, मग ओल्या फडक्याने पुसा, लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, सुकले की 320 ने हलकेच काढा आणि मग तेल. फक्त एक गोष्ट अजिबात विसरू नका, तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कानातल्यांची म्हणजे बिजागरीचीच असणार, तर पितळी स्क्रू थेट पिळू नका, पितळ मऊ, शिसवी कडक, डोकं तुटून अर्धा स्क्रू आत राहतो. ड्रिलने भोक पाडा, त्यात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढून घ्या, मग पितळीला मेण लावून हाताने बसवा. आणि पेटी आधी पूर्ण बंद जोडून मग करवतीने झाकण वेगळं केलंत तर दोन्हीची नक्षी तंतोतंत जुळते. फक्त करवतीच्या पात्याची जाडी उंचीत आधीच धरा, नाहीतर ट्रे बसायचा नाही.