शब्दचर्चा : ‘आपला’ उमेदवार आणि ‘त्याचा’ धर्म

मावशीची भाची (धागा सुरू करणारी)

निवडणूक लागली की आमच्या मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला : “देव मानतो का गं तो?” पक्ष कोणता, आधी काम काय केलं, हे सगळं नंतर. परवा प्रचाराला आलेल्या कार्यकर्त्यानं दारातच सांगितलं, “मावशी, उमेदवार आपला आहे, धर्म मानणारा आहे.” मावशीचं समाधान झालं. मी मात्र दिवसभर त्या वाक्यात अडकून पडले. ‘आपला’ म्हणजे नेमका कुणाचा? ‘धर्म मानणं’ आणि ‘धर्म पाळणं’ एकच का? आणि देव मानणारा, धर्म मानणारा, श्रद्धाळू, भाविक, धार्मिक हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

शब्दांपलीकडचा प्रश्नही विचारते, कारण तोच मला जास्त छळतो आहे. उमेदवाराची श्रद्धा मतदारानं विचारात घ्यावी का?

व्याकरणाची गोडी

‘आपला’पासून सुरुवात करतो. ‘आपण’ मराठीत तीन कामं करतो. “आपण बसावं” म्हणताना तो समोरच्याचा मान राखतो. “आपण जाऊ” म्हणताना बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकत्र बांधतो. “त्यानं आपलं घर विकलं” म्हणताना कर्त्याकडे, म्हणजे त्याच्या स्वतःकडे बोट दाखवतो. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. कार्यकर्ता “उमेदवार आमचा आहे” म्हणाला असता तर मावशींनी पाणी देऊन त्याला वाटेला लावलं असतं.

असाच एका सर्वनामाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि त्याचा उगम मुंबईतला आहे. १९९० साली सांताक्रूझ मतदारसंघातून अभिराम सिंग विधानसभेवर निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावानं मतं मागितली म्हणून निवडणुकीला आव्हान दिलं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधलं कलम १२३(३) असं सांगतं की उमेदवारानं, किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कुणी, ‘त्याच्या’ धर्म, वंश, जात, समाज वा भाषेच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन करणं हे भ्रष्ट आचरण आहे. मूळ इंग्रजी मजकुरात तिथे ‘हिज’ आहे. हा ‘हिज’ कुणाचा? ज्याच्यासाठी मत मागितलं जातंय त्याचाच, की ज्याच्याकडे मागितलं जातंय त्या मतदाराचाही?

निकाल लागला २ जानेवारी २०१७ रोजी. सात न्यायाधीश बसले होते आणि निकाल चार विरुद्ध तीन असा झाला. चौघांनी सांगितलं की ‘त्याच्या’मध्ये उमेदवार, प्रतिस्पर्धी आणि मतदार सगळेच येतात. तिघांचं म्हणणं असं की शब्दाचा अर्थ उमेदवारापुरताच धरावा. नाहीतर जातीमुळे, धर्मामुळे किंवा भाषेमुळे ज्यांनी अन्याय सोसला त्यांच्या गाऱ्हाण्यांबद्दल प्रचारात बोलायचीच चोरी होईल. मला स्वतःला बहुमताचा निकाल पटतो, पण त्या तिघांची काळजी खोटी नव्हती असंही वाटतं.

आता हेच कलम मराठीत लिहून बघा : “उमेदवारानं आपल्या धर्माच्या आधारावर मत मागणं.” कागदावर ‘आपल्या’ कर्त्याला, म्हणजे उमेदवारालाच चिकटतो. अल्पमताच्या बाजूचा अर्थ झाला. तोच ‘आपल्या’ दारात उभं राहून उच्चारा : “आपल्या धर्मासाठी मत द्या.” ऐकणारी मावशी लगेच त्यात सामील! बहुमतानं जो धोका ओळखला तो हाच.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. हे कलम मागणाऱ्याला बांधतं, देणाऱ्याला नाही. मत गुप्त असतं, ते का दिलं हे मावशींना कुणीही विचारू शकत नाही. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात सापडायचं नाही.

माणदेशी

मी सरळ सांगतो, मी बघतो. आमच्याकडे शब्द आहे ‘माळकरी’. ज्यानं तुळशीची माळ घातली, दारू-मटण सोडलं, एकादशी धरली, वारी धरली. गावात “माणूस माळकरी आहे” म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही. हा शब्द श्रद्धेचा आहे असं शहरात वाटतं, पण आमच्या लेखी तो नेमाचा आहे. माळ सगळ्या गावासमोर घातलेली असते, त्यामुळं नेम मोडला तर सगळ्या गावाला दिसतं. सरपंचकीला उभा राहिलेला माणूस पंधरा वर्षं माझ्याबरोबर पायी चालला असेल, वाटेत कुणाशी कसा वागतो ते मी पाहिलं असेल, तर ते मी विसरायचं का? मी त्याचा विठ्ठल बघत नाही. दिलेला शब्द धरून ठेवतो का, ते बघतो.

व्याकरणाची गोडी

दादा, तुमच्या म्हणण्यात मोठा फरक दडलाय, तो उलगडून ठेवतो. ‘भाविक’ हा भावाचा शब्द. भाव माणसाचा आणि देवाचा, तिसऱ्याचा संबंध नाही. ‘देवभोळा’मध्ये प्रेमळ कीव आहे. ‘धार्मिक’मध्ये आचार आहे. ‘धर्माभिमानी’मध्ये मात्र अभिमान आहे, आणि अभिमानाला बघणारा लागतो, बरेचदा कुणीतरी समोरचाही लागतो. प्रचाराच्या पत्रकात ‘भाविक’ क्वचित छापतात. ‘धर्माभिमानी’ ठळक छापतात. वारीत तुमच्या शेजारी चालणारा भाविक असतो. तो मतं मागायला आला की त्याच्या नावामागे ‘धर्माभिमानी’ कोण लावतं, याकडे लक्ष ठेवा.

भंडाऱ्याचा

या धाग्यात ‘लावणे’ हे क्रियापद अजून कुणी आणलं नाही, म्हणून लिहितो. आमच्या भागात धर्म ‘असतो’, ‘पाळतात’, ‘मानतात’, आणि शिवाय ‘लावतात’. “दाखल्यावर काय लावलंय?” “आजोबांनी बौद्ध लावलं, काकांचं हिंदू महारच राहिलं.” एका घरात दोन रकाने. श्रद्धा दोघांची एकच, बुद्धवंदना एकत्रच. रकाना वेगळा, म्हणून हक्क वेगळे. माझ्या घरानं हे भोगलं आहे, त्यामुळे ‘उमेदवाराच्या धर्माशी काय देणंघेणं’ हे वाक्य मला तितक्या सहज म्हणता येत नाही.

पहिल्याच लोकसभा निवडणुकीतलं आमच्या भंडाऱ्याचं उदाहरण घ्या. तेव्हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. जन्मानं महार, पण महानुभाव पंथात गेलेले. निवडणूक अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला : पंथ घेतला, आता तुम्ही महार राहिला नाहीत. म्हणजे उमेदवाराची श्रद्धा मतदारापर्यंत पोचायच्या आधीच एका टेबलावर तपासली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५४ मध्ये न्यायालयानं पाहिलं ते असं : जुना समाज त्याला आपला म्हणतो का, त्याचा स्वतःचा मनोदय काय, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवरे महारच राहिले, अर्ज फेटाळणं चूक होतं, असा निर्णय झाला. चक्रधरस्वामींनी जातिभेद नाकारून सात शतकं झाली होती, आणि त्यांच्या पंथात गेलेल्या माणसाला जात सुटली नाही हे सिद्ध करूनच न्याय मिळाला. हे वाचताना मला आजही कसंसंच होतं.

त्याच वर्षी भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली.

इथे शब्दाचा प्रश्न पुन्हा येतो. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात अमुक धर्म ‘प्रोफेस’ करणाऱ्यालाच सवलत आहे. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ पासून शीख, आणि बौद्ध थेट १९९० पासून. १९६२ साली नागपूरच्या राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी धम्मदीक्षा घेतली आहे म्हणून आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रोफेस’चा अर्थ लावला : आपला विश्वास उघडपणे जाहीर करणं किंवा तसं उघड आचरण करणं. मेश्रामांनी बौद्ध झाल्याचं जाहीर केलं होतं, म्हणून निवडणूक गेली. लोकांनी मत दिलं होतं, पण त्यांची श्रद्धा आड आली.

या ‘प्रोफेस’ला मराठीत काय म्हणाल? ‘मानणे’ नाही, कारण ते मनात असतं. ‘पाळणे’ही पुरतं बसत नाही. ‘प्रकट करणे’ जवळचा आहे. आमच्या बोलीत तोच ‘लावणे’. ज्यांनी मनातलं उघड लावलं त्यांना किंमत मोजावी लागली, आणि जे गप्प राहिले ते निवडणुकीला उभे राहू शकले.

अनुवादाचं काम करणारी

भंडाऱ्याच्या दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘श्रद्धा’ या शब्दाबद्दल थोडं सांगते, तो माझ्या रोजच्या कामातला आहे.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत “विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य” आहे. इथली श्रद्धा स्वातंत्र्य म्हणून आली आहे. कशावर ठेवायची, ठेवायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. उमेदवार अर्ज भरतो तेव्हा शपथ घेतो, आणि तिच्यात हाच शब्द दुसऱ्यांदा भेटतो : संविधानाबद्दल “खरी श्रद्धा व निष्ठा” बाळगीन. इथे श्रद्धा हे बंधन आहे. ही शपथ ‘ईश्वरसाक्ष’ घ्यायची की ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करायचं, हे उमेदवार निवडतो. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांसाठी दार उघडं आहे. एकदा आत आल्यावर मात्र दुसऱ्या श्रद्धेतून कुणालाच सुटका नाही.

माझं मत यावरून बनलं आहे. उमेदवाराच्या पहिल्या श्रद्धेबद्दल विचारायचा मला अधिकार वाटत नाही. दुसऱ्या श्रद्धेबद्दल विचारणं माझं कामच आहे. पहिली श्रद्धा दुसरीवर कुरघोडी करायला लागली की पहिलीही माझ्या विचारात येते. एखादा उमेदवार म्हणाला की माझ्या धर्मात बाईनं अमुक करू नये, तर मी ते सोडून देते. पण “म्हणून मी तसा कायदा आणीन” म्हणाला, तर त्याची श्रद्धा आता माझ्या घरात आली. आणि हे तो कोणत्याही धर्माचा असला तरी, अगदी माझ्या धर्माचा असला तरीही.

आपल्या विधानसभेपुढे हे प्रत्यक्ष आलेलं आहे. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षं अडला तो श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते या वादात. २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, मग वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या शीर्षकात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. ‘नरबळी’ आहे, ‘अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा’ आहेत, ‘जादूटोणा’ आहे. मनाला हात न लावता कृत्याला लावला. मला हे शीर्षक म्हणून फार आवडतं, जीभ अडखळत असली तरी.

माणदेशी

ताई, हे पटलं. मीही नेमच बघतो म्हणालो होतो, मनातलं नाही. फक्त एक विचारतो. माळ न घातलेला, देव न मानणारा उमेदवार आला तर त्याचा नेम मी कुठं बघायचा? आमच्याकडं ‘नास्तिक’ ही अजून शिवीच आहे.

व्याकरणाची गोडी

मूळ अर्थानं ती शिवी आपल्या निम्म्या परंपरेला लागेल, दादा. शास्त्रात नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. त्यामुळे जैन आणि बौद्ध नास्तिकांत गेले, आणि ईश्वर न मानणारे सांख्य मात्र वेद मानतात म्हणून आस्तिकांत बसले. ‘देव न मानणारा’ हा अर्थ नंतर रुळला. त्याचा नेम तुम्ही तिथेच बघायचा जिथे माळकऱ्याचा बघता : ग्रामसभेत, रेशनच्या रांगेत, पाणी सुटतं तेव्हा.

मावशीची भाची

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा मावशीला मोठ्यानं वाचून दाखवला. भंडाऱ्याच्या दादांचा प्रतिसाद आला तेव्हा तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांनाही दारात कुणीतरी हेच विचारलं होतं.” मग बराच वेळ काही बोलली नाही.

‘दृढकथन’ तिला कळलं नाही. मी म्हटलं, देवाचं नाव न घेता दिलेला शब्द. त्यावर तिनं विचारलं, “मग तसं सोपं का नाही लिहीत?” अनुवादाचं काम करणाऱ्या ताईंकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. मावशी वाट बघते आहे.