हंडीतला एलईडी बल्ब सहा महिन्यांत जातो, उघड्यावरचा मात्र वर्षानुवर्षं चालतो. असं का?

पडवीतली_सुमा

चिपळूणच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं चिरेबंदी घर. सगळे दिवे एलईडीचे करून झाले, बिलही उतरलं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माजघरातल्या बल्बची आहे. तिथे सासऱ्यांच्या हौसेची दुधी काचेची हंडी आहे, वर पितळी झाकण, सगळीकडून बंद. तिच्यात नावाजलेल्या कंपनीचा १२ वॉटचा बल्ब घालते, आणि गणपतीत लावलेला शिमग्यापर्यंत मान टाकतो. आधी चार दिवस मिचमिचतो, मग जातो. न्हाणीघराबाहेर पन्हळीखाली उघड्या होल्डरला ‘उजाला’ योजनेतला ७० रुपयांचा बल्ब आहे. वारा, दमट हवा, कोळिष्टकं सगळं सोसून तो ठणठणीत! हे काय गौडबंगाल?

आणखी दोन गोष्टी. पडवीतला बल्ब बटण बंद केलं तरी रात्रभर अंधूक जळतो. पुतण्याने तिथे भूत आहे असं जाहीर केलंय. आणि सासूबाई म्हणतात, “या उजेडात तांदळातला खडा दिसत नाही, तुमचा पिवळा दिवा बरा होता.” उजेड तर आधीपेक्षा जास्त आहे!

“लाइटच खराब येते हो” हे उत्तर गावात फुकट मिळतं. दुसरं काही असेल तर सांगा.

टेस्टर_खिशात

ताई, तुमच्या हंडीनेच बल्ब मारलेत. गावोगाव वायरिंग केलंय, हे नेहमीचं आहे.

जुना पिवळा बल्ब आपली बरीचशी उष्णता उजेडासोबत बाहेर फेकायचा. एलईडीच्या उजेडात ती उष्णता नसते, पण चिपच्या (आतल्या उजेड देणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांच्या) मागे तयार होतेच, आणि तिला बल्बच्या अंगातूनच बाहेर पडावं लागतं. अर्धा तास चाललेल्या बल्बची मान चाचपून बघा, चटका बसेल. बंद हंडीत ती हवा कोंडते. मानेत जो ड्रायव्हर असतो, म्हणजे २३० व्होल्ट घेऊन चिपना हवा तेवढाच करंट देणारं छोटं सर्किट, त्यातला कपॅसिटर (वीज साठवून करंट एकसारखा ठेवणारा भाग) या उष्णतेने सुकतो. मिचमिचणं बहुतेक त्याचंच. न्हाणीघराबाहेरचा बल्ब उघड्यावर आहे, शिवाय कमी वॉटचा, म्हणून गार राहतो.

खोक्यावरचे २५,००० तास चिपच्या भरवशावर लिहिलेले असतात. चिप टिकते हो, ड्रायव्हर टिकत नाही!

एखाद्या मेलेल्या बल्बची टोपी काढलीत तर पिवळ्या ठिपक्यांत एकावर काळा डाग दिसेल. ठिपके एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे गेले. बाजारात तो ठिपका तार टाकून जोडून देणारे आहेत. स्वस्त ड्रायव्हर असेल तर उरलेल्यांवर ताण वाढतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. घरी तर करूच नका, आतल्या पट्टीला हात लागला तर थेट मेनचा शॉक बसतो.

भुताचं: पडवीच्या बटणात लाल इंडिकेटर आहे का? त्यातून झिरपणारा करंट पिवळ्या बल्बला पुरायचा नाही, एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसेल तर मात्र बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डर जिवंत! वायरमनकडून टेस्टर लावून तपासून घ्या, बल्ब बदलताना मेन स्विच पाडा.

डोंबिवलीकर_अण्णा

आम्ही तर म्हणतो पिवळा बल्बच परत लावा. डोळ्याला शांत, हंडीत खुशाल तापू दे, आणि वीस-पंचवीस रुपयांत काम.

आकडेमोड

अण्णा, गणित करा. ६० वॉटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट, ९ वॉटचा एलईडी १.३५ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी एका दिव्यामागे महिन्याला साठेक रुपये वाचतात. सहा महिन्यांत गेला तरी बल्ब फुकटात पडला! पण सासूबाईंचं बरोबर आहे, म्हणून ते नीट सांगतो.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाने स्वतः पिवळा उजळणारा लेप, चढवून पांढरा दिसणारा उजेड मिळवतात. (निळी चिप जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.) त्या मिश्रणात लाल बाजू लंगडी राहते, म्हणून तांबूस, तपकिरी छटा मिसळून जातात. रंग किती खरे दिसतात याचा आकडा सीआरआय. साधारण बल्ब ८० चे असतात, निवडायच्या जागी ९० चा घ्या. आणि ६५०० केल्विनचा (हा उजेडाच्या छटेचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर) दुधी पांढरा नको, २७०० किंवा ३००० चा पिवळसर घ्या. पावसाळ्यात पाकोळ्याही थोड्या कमी येतील.

वॉट बघू नका, ल्युमेन बघा, म्हणजे बल्ब उजेड किती देतो त्याचं माप. जुना साठचा बल्ब सातशे-आठशे ल्युमेनचा होता, हल्लीचे ९ वॉटचे बहुतेक तेवढे देतात.

पडवीतली_सुमा

लाल इंडिकेटर निघाला! पुतण्याचा विरस झाला आहे.

सासूबाई निवडायला बसतात तेव्हा दिवा नेमका त्यांच्या पाठीमागे असतो, हे आत्ता बघितलं. सुपावर त्यांचीच सावली पडते. पण हंडी काढायची नाही, त्यावरून घरात रामायण होईल. काय करू?

टेस्टर_खिशात

हंडी राहू दे, दोन कामं दोन दिव्यांना द्या. हंडीत ५ वॉटचा पिवळसर बल्ब, आणि पितळी झाकण बोटभर वर उचलून बसवा म्हणजे गरम हवा निघेल. सासूबाईंसमोर भिंतीवर उघडा होल्डर घेऊन त्यात ९० सीआरआयचा ९ वॉटचा. तुमच्याकडे विजा आणि व्होल्टेजचे झटके असतात, तेव्हा खोक्यावर ‘४ केव्ही सर्ज’ (४ हजार व्होल्टपर्यंतचा झटका सोसणारा) असं काही लिहिलंय का बघा. पावती जपा, आणि बल्बच्या मानेवर मार्करने तारीख लिहा. वॉरंटीत गेला की दुकानदार तारखेवरूनच वाद घालतो.