जिवाणू वाढवलेली बाटली नारिंगी झाली म्हणजे जिवाणूनेच लोह ऑक्सिडाइज केलं का?

तांबूस गाळ: कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, 'नायट्रेट घटलं, फेरस (अजून ऑक्सिडाइज न झालेलं लोह) घटलं, म्हणजे बोफेन-१ हा जिवाणू लोहावर जगतो.' हे पटत नाही. बोडनझे सरोवराच्या गाळातला हा ॲसिडोव्होरॅक्स वंशाचा जिवाणू ॲसिटेट या सेंद्रिय अन्नावर वाढतो. त्याने नायट्रेटपासून केलेलं नायट्राइट साचतं आणि एन्झाइमविनाच फेरसला गाठतं: ४ फेरसमागे २ नायट्राइट, त्यातून १ नायट्रस ऑक्साइड. पेरिप्लाझममध्ये (पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेत) लोहाचं कवच चढतं ते याच्याशी जुळतं. फेरस ऑक्सिडाइज करणारं प्रथिन दाखवा, मग बोलू.

पोरिन: एकट्या बोफेनवरून सगळ्यांना का मोडीत काढता? केएस घ्या. ब्रेमेनच्या गाळातून आलेलं, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे मिश्र कल्चर (अनेक जिवाणू एकत्र वाढवलेलं) सेंद्रिय कार्बन न देता टिकतं. त्यातल्या गॅलिओनेलासी कुळातल्या जिवाणूत सायक-२ही आहे आणि एमटीओ-एबीही, दोन्ही फेरस ऑक्सिडाइज करणारी मानली जाणारी प्रथिनं. मॅरिप्रोफंडस या लोह-जिवाणूचं सायक-२ ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये घातल्यावर फेरस ऑक्सिडाइज झालं, हे २०२१ मध्ये दाखवलंय. अजून काय हवं?

तांबूस गाळ: केएसपुरतं मान्य. पण त्या गॅलिओनेलासीत नॉर (नायट्रिक ऑक्साइड पुढे नेणारं एन्झाइम) नाही, नॉस (नायट्रस ऑक्साइड पुढे नेणारं) नाही. नायट्रिक ऑक्साइड पुढे नेतात ते शेजारी. शिवाय सायक-२चा पोरिनचा, म्हणजे पटलातल्या नळीचा, भाग जिवाणूगणिक इतका बदलता की साध्या ब्लास्टमध्ये (क्रम जुळवून शोधण्यात) निसटतो, आणि नुसतं सीएक्सएक्ससीएच (हीम जोडलं जातं तो अमिनो आम्लांचा क्रम) शोधलं तर प्रत्येक सी-प्रकारचं सायटोक्रोम हाती लागतं. एचएमएम (प्रथिनकुळाच्या नमुन्यावरून शोधणारं सांख्यिकी मॉडेल) चालवा. सुरुवातीच्या टोकाला सिग्नल पेप्टाइड (प्रथिन कुठे न्यायचं ते सांगणारा तुकडा), मग एकच हीम (लोह धरणारा गट), मग बीटा-बॅरल (पोरिनची नळी), हा क्रम दिसल्याशिवाय नाव देऊ नका.

फेरोझिन ५६२: जनुकांवर भांडताय, पण मुळात आकडेच चुकतात! नमुना १ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये टाकला की आम्लात नायट्राइट उरलेलं फेरस खातं. बाटलीत न झालेलं ऑक्सिडेशन कुपीत होतं. त्याऐवजी ४० मिलिमोलर सल्फॅमिक आम्ल घ्या, ते नायट्राइटचा नायट्रोजन करून टाकतं. गाळ तेवढ्याने विरघळत नाही. तो आधी सेंट्रिफ्यूजने वेगळा करा, मग त्याला तीव्र हायड्रोक्लोरिक द्या.

पोरिन: म्हणजे ही सल्फॅमिक आम्लाची पद्धत आली त्या २०१३ च्या आधीचे सगळे पेपर कचऱ्यात?

फेरोझिन ५६२: माझ्या तोंडी शब्द घालू नका. नायट्राइट साचलं नसेल तर हायड्रोक्लोरिकचे आकडे चालतात. साचलं असेल तर त्यांवरून वेग काढू नका, एवढंच.

पोरिन: आणि तुमचं कंट्रोल, म्हणजे जिवंत पेशींविना केलेला तुलनेचा प्रयोग? नुसत्या माध्यमात नायट्राइट घालून 'बघा, किती हळू' म्हणणं हेही तितकंच चूक. गोएथाइट या लोह-खनिजाच्या पृष्ठभागावर नायट्राइट-फेरसची ती अभिक्रिया वेग धरते.

फेरोझिन ५६२: हे बरोबर. कंट्रोलमध्ये मृत पेशी आणि गोएथाइट दोन्ही हवेत. फेरस घातल्यावर माध्यम ऑक्सिजनविना ०.२२ मायक्रॉनमधून गाळूनही घ्या, नाहीतर व्हिव्हियानाइट (फेरस फॉस्फेट) आणि सिडेराइटचा (फेरस कार्बोनेट) पांढुरका गाळ फेरस धरून बसतो.

तांबूस गाळ: मूळ प्रश्न तसाच राहिला. बोफेनचं प्रथिन कोणतं?

पोरिन: बोफेनसाठी माझ्याकडे नाव नाही, घ्या. केएसचं मात्र मागे घेणार नाही.