मदत हवी आहे : होस्ट-व्हीएममधल्या व्हीसॉकच्या चाचण्या समांतर चालवताना सीआयडी कसे वाटावेत?

नमस्कार मंडळी,

लिनक्स होस्टवर (मूळ मशीनवर) क्यूईएमयू-केव्हीएमने चालणारे गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), आहेत. गेस्टमधला आमचा एजंट प्रोग्राम होस्टशी व्हीसॉकवरून, म्हणजे होस्ट आणि व्हीएम यांच्यातल्या थेट सॉकेटवरून, बोलतो. नेटवर्क कार्ड, आयपी, फायरवॉल यांची कटकट नको म्हणून हा मार्ग निवडला आणि तो मला अजूनही योग्यच वाटतो. होस्टचा सीआयडी (व्हीसॉकवर पत्ता म्हणून वापरला जाणारा आकडा) कायम 2, गेस्टचे 3 पासून पुढे. एकेक व्हीएम चालवली की सॉकॅट या कमांडने दोन्ही बाजूंनी निरोप नीट जातात.

अडचण समांतर चाचण्यांत आहे. व्हीहोस्ट-व्हीसॉकचे (होस्टच्या कर्नलमधल्या व्हीसॉक ड्रायव्हरचे) सीआयडी आमच्याकडे अख्ख्या होस्टवर सामाईक आहेत, त्यामुळे दोन जॉबनी एकच आकडा उचलला की दुसरी व्हीएम सुरूच होत नाही, ‘ॲड्रेस आधीच वापरात’ म्हणते. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं टूल) आकडा आपोआप देतं हे माहीत आहे, पण आम्ही क्यूईएमयू थेट चालवतो आणि एवढ्यासाठी लिबव्हर्ट आणायची इच्छा नाही. रँडम आकडा घेऊन अपयश आलं तर पुन्हा प्रयत्न, की लॉक फाइलने आकडा राखून ठेवायचा? प्रत्यक्ष वापरात काय टिकतं?

दुसरं, गेस्ट बूट होत असताना होस्टवरून कनेक्ट केलं तर टाइमआउट, आणि बूट झाल्यावर एजंट ऐकत नसेल तर कनेक्शन रीसेट. सध्या दोन्ही एरर पकडून लूप फिरवतोय. त्यापेक्षा गेस्टनेच ‘तयार आहे’ म्हणून होस्टला कनेक्ट करावं का? कोणी असं केलंय?

सीआयडी 1 चा लूपबॅक (मशीनची स्वतःशीच जोडणी) सुचवू नका, प्लीज. युनिट टेस्टला तो छान आहे, पण गेस्ट मध्येच रीबूट झाल्यावर काय होतं तेच मला तपासायचंय.